पुढच्या स्टेशनचा म्हातारा

९ जून, सोमवार

बारक्या,

मागच्या आठवड्यात तू पुढच्या स्टेशनला एक निरोप पाठवला होतास. ‘फार सुंदर शेवट केलात. सहा वर्षांत आमच्या गावात इतकी खरी भूमिका कुणी केली नाही. आता खेळ संपलाय, तेव्हा सांगायला हरकत नाही. कोण आहात तुम्ही?’

ते बाबा होते.

हे वाक्य आधी चार कागदांवर लिहून फाडलं. आडून आडून सांगावं असं वाटत होतं, पण आडून सांगण्यानंच तर एवढा घोळ झाला. म्हणून सरळ लिहिते. दीड वर्ष रोज दुपारी चार वाजता पुढच्या स्टेशनवरून तुझ्याशी तारेवर बोलणारा म्हातारा म्हणजे आपले बाबा. आणि २९ मेच्या सकाळी तुझ्या तारघरात जी तार आली, ‘पुढच्या स्टेशनचे वृद्ध तारमास्तर काल संध्याकाळी वारले, लाईन बंद’, ती खरी होती. ती मी पाठवली, कीबोर्डवर साध्या अक्षरांत.

तुला तो खेळ वाटला यात तुझी चूक नाही. तुमच्या गावाचा नियमच तसा आहे. संगणकातलं गाव, पण साल शंभर वर्षांपूर्वीचं. वेशीच्या आत पाऊल टाकलं की त्यानंतरचं काही बोलायचं नाही, खरं नाव सांगायचं नाही, घरची रडगाणी आणायची नाहीत. कुणी चुकून टीव्हीचं नाव काढलं तरी चौकीदार बखोटीला धरून बाहेर काढतो. मी जन्मभर नियम पाळत आलेली बाई. बापाच्या मरणाची बातमीसुद्धा नियमात बसवून दिली.

आणि हो, त्या दिवशी मी तिथे होते. तारघराच्या कोपऱ्यावरची परीटीण मीच. तीन वर्षं तू मला ‘काय बाई, आज इस्त्री थंड दिसते’ म्हणून चिडवत आलास, ती मी. तू तारघराच्या पायरीवर उभा राहून भाषण केलंस. सगळ्यांनी टोप्या काढल्या. दवाखानावाल्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. मग तू आत जाऊन लाईन मिटवण्याची खूण वाजवलीस आणि माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, ‘वा, काय रंगलाय आजचा दिवस!’ पडद्यावरचं माझं बाहुलं तिथे इस्त्री धरून उभं होतं. घरी बसवेना म्हणून मी इकडे दातांच्या लॅबमध्ये स्टुलावर बसले होते, समोर कुणाच्यातरी वरच्या जबड्याची अर्धी कवळी.

तू फार छान बोललास. खोटं सांगत नाही. बाबांना आवडलं असतं.

बाबा शांत गेले. झोपेतच. त्रास झाला नाही.

पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या डोक्यावर बसून काढून घेतला.

तुझी ताई


१४ जून, शनिवार

बारक्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरूनही चालले नव्हते. पण अर्धवट सांगून गप्प बसणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी तुझ्या चुगल्यासुद्धा मी पूर्ण करत असे.

तू गेलास तो दिवस आठवतो? तुमच्या गावाचं उद्घाटन होतं. कुठून कुठून साठ माणसं त्या पडद्यावर जमली होती आणि तू पहिली तार पाठवणार होतास. बाबा मागून आले आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. ‘माझ्या तारघराची सोंगं काढतोस?’ म्हणाले. तू म्हणालास, ‘बाबा, सोंग नाही हो, तुमच्यासाठीच...’ आणि त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. ‘खऱ्या जगात येशील त्या दिवशी माझ्याशी बोल,’ म्हणाले. त्या आठवड्यात तू घर सोडलंस.

त्यांची बाजू घेत नाही. पण ज्या माणसाचं तारघर एका सकाळी कुलूप लावून बंद झालं, ज्याला निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षं खिडकीत बसवून नुसते फॉर्म द्यायला लावले, त्याला आपल्या मुलानं तेच तारघर खेळण्यात मांडलेलं बघून काय वाटलं असेल? तुला ते प्रेम वाटत होतं. त्यांना ती थट्टा वाटली. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. विचारणार कसे, दोघंही एकाच मुशीतले.

तू गेल्यावर तीन वर्षांनी मी तुमच्या गावात नाव घातलं, परीटीण म्हणून. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात करायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तुझ्या गल्लीत उभं राहून खोट्या सदऱ्यांना खोटी इस्त्री करायची. तू दिसायचास. जाड झालास की बारीक ते त्या बाहुल्यावरून कळत नसे, पण बोलणं तुझंच होतं. मला तेवढं पुरत होतं. बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द जागेवर येत नसत. पाणी मागायला जायचे आणि तोंडातून ‘खिडकी’ यायचं. मग चिडून तांब्या भिरकावायचे. मी पाटी-पेन्सिल आणून दिली. उजवा हात मात्र शाबूत होता.

एका रविवारी मी त्यांच्या खोलीत बसून गावात इस्त्री करत होते. आवाज बंद करायला विसरले. तुझ्या तारघरातून कट्ट-कडकट्ट सुरू झालं आणि बाबांनी पलंगावरून हात वर केला. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. तर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हा हात मी शिकवलाय.’ थोड्या वेळानं खाली लिहिलं, ‘शेवटच्या ठोक्याआधी अडतो. सहा वर्षांचा असल्यापासून अडतो.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘बारक्या?’

मी मान हलवली. त्यांनी पाटी पुसली. मला वाटलं, आता तांब्या येतोय. पण त्यांनी लिहिलं, ‘खुर्ची.’

पुढचं सगळं मी केलं. तुमच्या पंचमंडळाकडे अर्ज केला, की लाईनीवर पुढचं एक स्टेशन असावं, तिथला तारमास्तर कुणाला दिसणार नाही, नुसता ऐकू येईल. तूच मंजूर केलास, आठवतं? बाबांना कीबोर्डवर बोट मारणं जमेना, म्हणून मी लॅबमध्ये एक कळ बनवली. पितळेची पट्टी, खाली स्प्रिंग, आणि वर धरायला कवळ्यांच्या गुलाबी मसाल्याची मूठ. हिरडीच्या रंगाची. बाबांनी ती बघून नाक मुरडलं, पण बोट ठेवलं आणि मग दीड वर्ष ती मूठ सोडली नाही. ज्यांना पाणी मागता येत नव्हतं ते तुझ्याशी घडाघडा बोलत होते.

तुला सांगायचं नाही, ही त्यांची अट. ‘वेळ आली की मी सांगेन,’ पाटीवर लिहिलं होतं. मला तुमचं बोलणं कळत नसे. ती लिपी तू शिकलास. मला फक्त तीन खुणा येतात, त्या जेवणाच्या ताटावरच्या. ते चमच्यानं ताट वाजवून आपल्याला जेवायला बोलवायचे ना? तीन आखूड एक लांब म्हणजे तू. दोन लांब एक आखूड म्हणजे मी. आणि आपण उलट ‘बोला’ वाजवल्याशिवाय ते वाढत नसत. लांब, आखूड, लांब. समोरून ‘बोला’ आल्याशिवाय तारमास्तर मजकूर सुरू करत नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. तू पुढची अक्षरं शिकायला त्यांच्या मांडीवर चढलास. मी ताटं उचलायला आत गेले. ये म्हणून त्यांनी कधी म्हटलं नाही.

तर तुमचं काय बोलणं व्हायचं ते मला नंतर पाटीवरून कळायचं, तेही त्यांच्या मर्जीनं. बहुतेक मालगाडी उशिरा, वाऱ्यानं खांब पडला असलंच काहीतरी. पण एकदा तू म्हाताऱ्याला विचारलंस, मुलंबाळं किती. त्यांनी सांगितलं, एक मुलगी, एक मुलगा, मुलाशी भांडण. मग त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालास, तुझे वडील वारले.

मला ठाऊक आहे, तो तुझा तारमास्तर बोलत होता. तुझ्या भूमिकेचे वडील वारलेले आहेत. बाबांनाही ते कळत होतं. तरी पाटीवर लिहिताना त्यांची पेन्सिल मोडली. दुसऱ्या दिवशी बरोबर चारला बसले आणि तुला विचारलं, वडीलही तारेवरच होते का, त्यांचा हात कसा होता. तू सांगितलंस, ‘साऱ्या लाईनीवर तसा हात नव्हता.’

ते वाक्य त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पुसू दिलं नाही. पाणी मागायला मला दुसरी पाटी आणावी लागली.

ताई


२५ जून, बुधवार

बारक्या,

तुझं कार्ड आलं. दोनच वाक्यं. ‘बापाच्या मरणावर तू मला नाटक करायला लावलंस. शेवटी काय म्हणाले?’

पहिलं वाक्य खरं आहे. फोन करता आला असता. मावशीला आधीच गाठता आलं असतं. त्यांची अट त्यांच्याबरोबर संपली होती, तरी मी तिच्या आड लपले. मला तुझ्याशी माझ्या आवाजात बोलायची भीती वाटत होती, आणि परीटिणीचा आवाज तयार होता.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर देण्यासाठी आधी कबूल करते, की पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाबा झोपेत गेले नाहीत.

२७ मेला त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेलं. पाटी नेली होती, पण पेन्सिल बोटांत राहीना. २८ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटानं वाजवायला सुरुवात केली. नर्सबाई म्हणाल्या, ‘हाताला कंप आहे.’ मी म्हटलं, ‘कंप नाही हो, ते बोलताहेत.’ माझ्या पिशवीत लॅबचे ऑर्डरचे कागद होते. त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहून घ्यायला लागले. आखूड तिथे टिंब, लांब तिथे रेघ. तू कधीतरी वाचशील, म्हणून. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. मला वाटलं, केवढं मोठं बोलताहेत.

तिसऱ्या पानावर माझ्या डोळ्यांना दिसलं. ते एकच होतं. तीन टिंबं, एक रेघ. तीन टिंबं, एक रेघ. पानंच्या पानं. दीड वर्ष त्यांनी तुला तारघराच्या खुणेनं हाक मारली होती. त्या दिवशी ताटावरच्या खुणेनं मारत होते. खुर्चीवर मी होते आणि ते दाराकडे बघत होते.

मजकूर सुरूच झाला नव्हता. ते ‘बोला’ची वाट बघत होते.

आता ऐक. मला ‘बोला’ येतं. तीन खुणा येतात म्हटलं ना मी, त्यातली तिसरी तीच. लांब, आखूड, लांब. कठड्यावर माझ्या बोटानं तीन ठोके मारले असते तर त्यांनी जे काय ते सांगितलं असतं. मला कळलं नसतं, पण मी लिहून घेतलं असतं आणि आज ते कागद तुझ्या हातात असते.

मी वाजवलं नाही.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. तुझ्या नावानं उत्तर देणं खोटं झालं असतं, आधीच कमी सोंगं झाली होती का, वगैरे. ते सगळं मागाहून सुचलेलं. खरं एवढंच की मला राग आला होता. दोन वर्षं त्यांच्या अंगाखालची चादर मी बदलली. तोंड मी धुतलं. तांब्याचा मार मी खाल्ला. ती गुलाबी मूठ कुणी केली? आणि बोलावणं कुणाला, तर जो सहा वर्षं फिरकला नाही त्याला. दोन लांब एक आखूड त्यांनी त्या दिवशी एकदाही वाजवलं नाही. मी तिन्ही पानं परत परत बघितली. एकदाही नाही.

मनात म्हटलं, थांबा थोडं, मीही थांबलेच आहे की. साडेचारला मी खाली चहा प्यायला गेले. ठरवलं होतं, वर आल्यावर वाजवीन. खरंच ठरवलं होतं. कँटीनमध्ये रांग होती, चहा गरम होता, मी फुंकून फुंकून प्यायले. वर आले तेव्हा बोट कठड्यावरच होतं, पण हलत नव्हतं. नर्सबाई माझ्याकडे बघून बाजूला झाल्या.

शेवटी काय म्हणाले? तुला हाक मारली, बारक्या. अडीच तास मारली. काय सांगायचं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. तू माझं तोंड बघू नयेस असं वाटत असेल तर तसं कर. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

ते तीन कागद मात्र माझ्याकडेच आहेत. टपालात टाकायचा धीर होत नाही. ये आणि घेऊन जा, नाहीतर राहू देत.

पुढचं स्टेशन मी अजून बंद केलेलं नाही. लाईन बंद अशी तार मीच पाठवली, पण कळ काढायला हात होत नाही. लॅबमधून लवकर निघते आणि चारला त्यांच्या खुर्चीत बसते. तुझी खूण वाजवते. मला दुसरं काही येत नाही. तुझी खुर्ची रिकामी असते आणि कोपऱ्यावरची परीटीणही नसते, कारण ती इकडे असते.

ताई


३ जुलै, गुरुवार

बारक्या,

काल चारला मी हात कळेवर ठेवला होता, अजून वाजवायचं होतं. तेवढ्यात तुझ्याकडून आलं. दोन लांब, एक आखूड.

पहिल्यांदा मला समजलंच नाही. चाळीस वर्षांत ती खूण मी ताटावरच ऐकली होती. मग तू परत वाजवलीस. शेवटच्या ठोक्याआधी अडलास. बाबा म्हणायचे ते खरं आहे, तू अडतोस.

मी ‘बोला’ वाजवलं. मूठ घामानं निसटत होती, चुकलं की काय म्हणून दोनदा वाजवलं.

मग तू किती वेळ वाजवत होतास ठाऊक आहे? घड्याळ समोर होतं. पंचेचाळीस मिनिटं. मधे एकदा थांबलास, मला वाटलं उठून गेलास, पण नाही. मी टिंब-रेघ, टिंब-रेघ लिहीत सुटले. हाताशी लॅबचेच कागद होते. सात भरले. तू थांबलास तेव्हा मान भरून आली होती, आणि मी रडतेय हे मला कागद ओला झाल्यावर कळलं.

आज सकाळी लॅबला जायच्या आधी बाबांच्या ट्रंकेतून त्यांचा जुना तक्ता काढला आणि पहिली अक्षरं लावली. दातांचं माप घेण्यासारखंच काम आहे, धीर धरला की येतं. पहिला शब्द लागला. मला वाटलं होतं ‘ताई’ असेल.

‘बाबा’ आहे.

मग मी तक्ता मिटला. पुढे लावलं नाही आणि लावणारही नाही. ती तार माझी नाही. आधी वाईट वाटलं, लपवत नाही. माझ्या खुणेनं मला बोलावलंस आणि बोललास त्यांच्याशी. पण मग वाटलं, दुसरं कुणाच्या हाती देणार होतास? त्यांच्यापर्यंत जाणारी लाईन माझ्याच स्टेशनावरून होती.

तुझी तार मिळाली, बारक्या. पूर्ण मिळाली, एक ठोकाही गाळलेला नाही. तुझे सात कागद त्यांच्या तीन कागदांना टाचणीनं लावले आणि ट्रंकेत त्यांच्या पाटीवर ठेवले. ते तुझं वाक्य अजून पाटीवर आहे, थोडं पुसट झालंय.

तक्ता मी बाहेरच ठेवलाय. रोज दोन अक्षरं पाठ करायचं ठरवलंय. उद्या चारला बस.

उद्या मात्र माझ्याशी बोल. हळू बोल.

ताई